दूध आणि घास यांच्या मधलं वर्ष

मराठी घरात मूल पहिल्यांदा अन्न खातं त्या दिवसाला उष्टावण म्हणतात. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने त्याच्या ओठांना लावायची आणि मग पुस्तक, लेखणी, दागिना असं काहीबाही समोर मांडून ते कशाला हात घालतं ते बघायचं. संस्कृतात या विधीला अन्नप्राशन असं भारदस्त नाव आहे. मराठीने त्यातली नेमकी घटना टिपली: तोंड उष्टं झालं. या नावात दुधाचा उल्लेख नाही, आणि तो नाही हे ध्यानात घेण्यासारखं आहे. उष्टावण झालं म्हणून त्या रात्री कोणी बाळाला अंगावरून तोडत नाही. खीर चाटलेलं मूल तासाभरात पुन्हा आईच्या पदराखाली असतं, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त, तिथे जातच राहतं. अन्न सुरू होण्याला आपल्याकडे मुहूर्त आहे, जेवणावळ आहे, आहेर आहे. दूध सुटण्याला यातलं काहीच नाही. कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा किंवा काळा बोळ लावायचा, दोन-चार रात्रींचं रडणं सोसायचं आणि गाजावाजा न करता ते उरकायचं. या दोन घटनांच्या मधे जो काळ पसरलेला असतो, ज्यात मूल दूधही पितं आणि घासही खातं, त्याचा इतिहास आपण क्वचितच पाहतो. तो पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हा मधला काळ किती टिकेल हे आईच्या मायेने किंवा तिच्या अडाणीपणाने फारसं कधी ठरवलं नाही. तिच्या वेळेवर कोणाचा ताबा आहे, यावर ते ठरत आलं.

या काळाला जुन्या वैद्यकाने नाव दिलं होतं. सुश्रुतसंहितेत बालपणाचे तीन टप्पे सांगितले आहेत: वर्षापर्यंतचं मूल क्षीरप, म्हणजे दूध पिणारं, दोन वर्षांपर्यंतचं क्षीरान्नाद, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारं, त्यापुढचं अन्नाद. हीच संहिता सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न सुरू करायला सांगते. वरवर पाहता यात विसंगती वाटते, कारण सहाव्या महिन्यात अन्न सुरू झालं तर वर्षापर्यंत मूल ‘दूध पिणारं’ कसं? पण त्या वर्गीकरणाचा रोख मुख्य आहार कोणता यावर आहे, असं धरलं की विसंगती उरत नाही. पहिल्या वर्षात अन्न ही चव असते, दुसऱ्या वर्षात ते दुधाच्या बरोबरीला येतं, तिसऱ्यात दुधाला मागे टाकतं. काश्यपसंहिता याहून सावकाश चालते: सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्यात अन्न. वाग्भटाचं अष्टांगहृदय म्हणतं की दात आलेल्या मुलाला स्तनापासून क्रमाक्रमाने दूर करावं, आणि दूध सुटलेल्या मुलासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर यांचा लाडू सांगतं. आजचं पोषणशास्त्र वेगळ्या वाटेने याच्या जवळ पोचलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत निम्मी ऊर्जा आणि दुसऱ्या वर्षात एक तृतीयांश ऊर्जा आईचं दूध पुरवू शकतं. म्हणजे दूध सुटणं ही एका दिवसाची घटना नव्हे. तो एक लांबलचक उतार आहे, आणि क्षीरान्नाद हा शब्द त्या उतारालाच दिलेला आहे.

ग्रंथांत एखादी गोष्ट लिहिलेली सापडली म्हणजे समाज तसा वागत होता, असं मात्र मानता येत नाही. वैद्यकाचे ग्रंथ ज्यांच्या घरी वैद्य येई त्यांच्यासाठी होते. काशीनाथ उपाध्यायांचा १७९० चा धर्मसिंधू, ज्याच्या आधारे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत संस्कारांचे मुहूर्त काढले गेले, तोही द्विजांच्या घरांचं बोलतो. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, हा रिवाज त्या परंपरेतला. शेतकरी, कोळी, महार, ठाकर, वारली यांच्या घरांत काय चाललं हे पोथीत नाही. पण ते भाषेत आणि चुलीवर शिल्लक आहे. भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, वरणाच्या वरचं पाणी, तांदूळ-डाळ भाजून दळून केलेलं खिमट, तुपाची धार सोडलेला गुरगुट्या भात: हे पदार्थ मोठ्यांच्या जेवणात एक तर आजारपणात येतात किंवा येतच नाहीत. दात नसलेल्या, अंगावर पिणाऱ्या मुलासाठीच ते घडले. कोकणात तांदूळ, देशावर ज्वारी, डोंगरात नाचणी, असा घटक बदलला तरी रीत एकच राहिली: धान्य भाजायचं किंवा भिजवून मोड आणायचे, बारीक करायचं, पातळ शिजवायचं. मोड आलेल्या नाचणीची खीर घट्ट न होता जास्त पीठ सामावून घेते आणि त्यामुळे लहानशा पोटात जास्त ऊर्जा जाते, हे पोषणशास्त्राने पुढे समजावून सांगितलं. ती रीत बायकांच्या हाती त्याच्या कितीतरी आधी होती. तेव्हा मधल्या काळाचं भान पोथीपुरतं नव्हतं. जातीजातींत विधी बदलला, वाटी बदलली, पण दूध चालू असताना अन्न वाढवायचं ही समज सगळीकडे पोचलेली होती.

हा काळ धोक्याचा आहे हेही माणसांना फार पूर्वीपासून माहीत असणार. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या दफनांत सर्वांत मोठी संख्या लहान मुलांची आहे. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल ठेवायचं आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरायचं, अशी तिथली पद्धत. तिथल्या मुलांच्या दुधाच्या दातांवर, दात घडत असताना वाढ अडखळल्याच्या खुणा अभ्यासकांना सापडल्या आहेत. त्या खुणा दूध तुटल्याच्याच आहेत असं म्हणता येणार नाही. आईच्या पोटात असतानाची उपासमार आणि जन्मानंतरचा आजार यांचाही ठसा तिथे उमटतो. पण आईच्या आहाराचा ताण थेट मुलाच्या देहात उतरतो हे मात्र त्या दातांवर लिहिलेलं आहे. जमिनीखालच्या त्या कुंभांवरून हेही कळतं की मूल जगणं ही गृहीत धरायची गोष्ट नव्हती. सहाव्या महिन्यानंतर बाळाच्या अंगातला जन्मजात लोहाचा साठा सरत येतो, ते रांगू लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि त्याच सुमारास पहिल्यांदा बाहेरचं पाणी नि अन्न त्याच्या पोटात जातं. अशा वेळी आईचं दूध नुसता आहार राहत नाही. अतिसाराच्या काळात मूल ज्याच्यावर तग धरतं असं ते एकमेव सुरक्षित पेय असतं. म्हणून मधला काळ अचानक तुटला तर सर्वांत मोठी किंमत मुलाच्या जिवाने मोजावी लागते.

तो तोडणारं पहिलं हत्यार म्हणजे पुढचं बाळंतपण. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पारिगर्भिक नावाचा बालरोग सांगितला आहे. आई पुन्हा गरोदर असताना तिचं दूध पिणाऱ्या मुलाला तो होतो. खोकला, मंद भूक, उलट्या, ग्लानी, हडकुळेपणा आणि वाढलेलं पोट अशी त्याची लक्षणं. विसाव्या शतकात, १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी आजच्या घानामध्ये मुलांच्या कुपोषणाचा एक प्रकार वर्णिला आणि त्यासाठी तिथल्या गा भाषेतलाच शब्द घेतला: क्वाशिओरकोर. पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हजारो मैल आणि हजाराहून जास्त वर्षं यांचं अंतर असलेल्या दोन समाजांनी एकाच जागी बोट ठेवलं. दोन्हीकडे कारण जरा चुकीचं लावलं गेलं. गरोदर आईचं दूध विषारी होत नाही. मुलाला मारतं ते दूध कमी पडणं आणि त्या जागी पुरेसं अन्न न येणं. पण निरीक्षण अचूक होतं. दूध तुटलं कारण पाठीवर दुसरं आलं, आणि दुसरं कधी यावं हे आईने क्वचितच ठरवलं. याची एक आधुनिक साक्ष आहे. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये भारतातल्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवरून दाखवलं की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजलं जातं. मुलगी झाली की घर लवकर पुढच्या मुलाच्या आशेला लागतं. अंगावर पाजणं चालू असेपर्यंत दिवस राहणं लांबतं, म्हणून दूध लवकर सुटतं. आई मुलीवर कमी माया करते असा याचा अर्थ नाही. मुलगा हवा या हट्टाचा हिशोब लेकीच्या दुधातून वळता होतो, असा आहे.

दुसरं हत्यार श्रमाचं, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचा माग अधिक स्पष्टपणे काढता येतो. ज्यांच्याकडे सत्ता आणि पैसा होता त्यांना दूध आणि वेळ दोन्ही मिळवता येत. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांची दूधआई म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचं नाव परंपरेने आदराने जपलं आहे. राजघराण्यात आईचं दूध पुरलं नाही म्हणून बाळ उपाशी राहिलं नाही, कारण दुसऱ्या बाईचं दूध आणि तिचा सारा दिवस त्या घराला मिळू शकला. शेतात राबणाऱ्या बाईला हे शक्य नव्हतं. पण तिच्याजवळ वेगळी एक गोष्ट होती: अंतर कमी होतं. बांधावरच्या बाभळीला किंवा आंब्याला झोळी बांधायची, भांगलण करताना एक कान तिकडे ठेवायचा, मूल उठलं की दोन पाती सोडून जायचं. तिचे कष्ट कमी नव्हते आणि तिची भाकरी नवऱ्याच्या भाकरीपेक्षा छोटी होती. तरी कामाची जागा आणि मुलाची जागा एकच होती. इथे कोणी म्हणेल की हे जुन्या खेड्याचं गोडगुलाबी चित्र झालं. तसं नाही. पराधीन कुळाच्या, बलुत्यातल्या किंवा वेठबिगारीत अडकलेल्या बाईला मुकादमाच्या परवानगीशिवाय बांधावर जाता येत नसे, आणि झोळीतल्या मुलाला विंचू चावे, ऊन लागे, ताप येई. मुद्दा एवढाच की मुलाला दिवसभरासाठी आईपासून तोडणारं फाटक त्या जगात सरसकट नव्हतं. ते गिरणीने आणलं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यांत काम करत. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. १९३४ मध्ये ते दहा झाले. भोंगा वाजला की फाटक बंद, आणि उशीर म्हणजे रोजंदारीला कात्री. चाळीतल्या एका खोलीत मूल मागे राहायचं, कधी म्हाताऱ्या शेजारणीकडे, कधी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अकरा तास मूल गप्प कसं ठेवायचं? याचं त्या काळचं उत्तर अफूची बाळागोळी हे होतं. १९२१-२२ च्या सुमारास सरकारने गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना नेमलं. त्यांच्या अहवालाच्या आधारे एक आकडा पुढे वारंवार सांगितला गेला: कामगार बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. अफू पाजलेलं मूल रडत नाही, आणि न रडणारं मूल भूकही सांगत नाही. आई संध्याकाळी घरी येते तेव्हा ते गुंगीत असतं. ते ओढून पीत नाही म्हणून पान्हा आटत जातो, आणि पान्हा आटला म्हणून वरचं पातळ, पाणी घातलेलं दूध सुरू होतं. अशा रीतीने क्षीरान्नादाचा लांबलचक उतार काही आठवड्यांत कड्यासारखा तुटला. बाळागोळी देणाऱ्या आईला निर्दय किंवा अडाणी ठरवणं सोपं होतं, आणि तसं ठरवलंही गेलं. पण त्या गोळीची खरी मागणी आईच्या मनातून आलेली नव्हती. ती भोंग्याच्या वेळापत्रकातून आली होती.

१९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा नेहमी दिला जातो, आणि त्यावरचा आक्षेपही खरा आहे. गिरणीतल्या बायका बाळंतपणाला रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे गावी जात. जन्म तिथे नोंदला जाई, मूल घेऊन परतल्यावर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे प्रमाण फुगतं. हा आक्षेप मान्य करूनही आकड्यातून एक गोष्ट हाती लागते. गावी जन्मलेलं, काही महिने तिथे आईच्या अंगावर वाढलेलं मूल मुंबईत येऊन मरत होतं. म्हणजे हे मरण बाळंतपणातलं नव्हतं. ते परतीच्या नंतरचं होतं: दाट वस्तीचं, खराब पाण्याचं, आणि आई कामावर रुजू झाल्यावर तुटलेल्या दुधाचं. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा हा या विषयावरचा देशातला पहिला कायदा. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी भूमिका घेतली. या भूमिकेत एक मूलगामी गोष्ट आहे. मूल वाढवणं हा आईचा खासगी प्रश्न उरत नाही. तिच्या वेळेची किंमत कोणीतरी मोजायला हवी हे त्यातून कायद्यात येतं. या कायद्यामुळे मालकांनी बायकांना कामावर घेणं कमी केलं, असा आक्षेप तेव्हा होता आणि आजही घेतला जातो. गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण पुढच्या दशकांत घटलं हे खरं, मात्र त्यात यंत्रांची फेररचना, पाळ्यांची नवी पद्धत आणि रात्रपाळीची बंदी यांचाही हात होता. शिवाय मालक कायदा टाळतात म्हणून कायदा चूक ठरत नाही. टाळणं अशक्य करायला हवं, एवढाच त्यातून धडा निघतो.

गिरणीने फाटक आणलं, तर त्याच सुमारास मध्यमवर्गाच्या घरात घड्याळ आणि डबा आला. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी मुलाला ठरावीक तासांनीच पाजायचं आणि नवव्या महिन्याच्या सुमारास दूध सोडवायचं, अशी शिस्त लोकप्रिय केली, आणि इंग्रजी साम्राज्यभर ती आधुनिक मातृत्वाचं लक्षण मानली गेली. दोन-अडीच वर्षं अंगावर पाजणं मागासलेपणाचं, लवकर तोडणं सुधारणेचं, अशी वाटणी झाली. विदेशी बालआहाराच्या डब्यांची जाहिरात वर्तमानपत्रांत होतीच. १९६० च्या सुमारास म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने आणंदच्या सहकारी दूधसंघाने म्हशीच्या दुधापासून बालआहाराची भुकटी तयार केली आणि डबा देशी झाला. तंत्रज्ञान म्हणून ते मोठं काम होतं, आणि ज्या बाळाची आई दगावली त्याच्यासाठी डबा जीवदान ठरला. पण डब्याची जाहिरात त्या बाळासाठी नव्हती. ती दूध भरपूर असलेल्या आईच्या मनात ‘माझं पुरतंय का?’ ही शंका पेरणारी होती. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विक्रीवर आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारतात १९९२ चा कायदा झाला आणि बालदुधाच्या पर्यायांची जाहिरात बेकायदा ठरली. त्यामागे मुंबईतल्या ‘अकॅश’ या ग्राहक संघटनेचे बालरोगतज्ज्ञ होते, आणि कायद्याच्या आधी वर्षभर, डिसेंबर १९९१ मध्ये, स्तनपानाचा पुरस्कार करणारं देशव्यापी जाळं वर्ध्यात स्थापन झालं. पुढे २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहाराला हा कायदा लागू झाला. म्हणजे सुश्रुताच्या क्षीरान्नादाची मर्यादा दोन सहस्रकांनी भारतीय कायद्याच्या भाषेत परत आली.

या मांडणीविरुद्धचे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा, की परंपरेचं हे कौतुक निवडक आहे. हा आक्षेप रास्त आहे. गाईचा चीक खरवस करून आवडीने खाणाऱ्या घरांत बाळंतिणीचा चीक मात्र पिळून फेकला जाई, आणि पहिले दोन-तीन दिवस बाळाला मध-तूप चाटवलं जाई. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून बाळगुटी देताना सहाण धुतली आहे का, हे कोणी पाहत नसे. आधुनिक वैद्यकाने पहिल्या तासात पाजायला आणि सहा महिने दुधाखेरीज काही न द्यायला सांगून अगणित मुलं वाचवली. परंपरेची आरंभाची बाजू कच्ची होती हे मान्यच. तिची पक्की बाजू मधल्या काळाची होती, आणि नेमकी तीच आपण सोडून दिली. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनही येतो: मूल वर्षानंतरही अंगावर पितं म्हणून जेवत नाही आणि हडकतं. पण लांब पाजणं आणि कुपोषण एकत्र दिसतात म्हणून पहिल्याने दुसरं झालं असं होत नाही. ज्या घरात ताटात वाढायला काही नाही, तिथे आई दूध तोडत नाही, कारण तेवढंच तिच्याजवळ असतं. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात गरीब भारतीय आयांवर केलेल्या अभ्यासांतून दिसलं की स्वतः अर्धपोटी असलेल्या बाईच्या दुधातलं प्रथिन फारसं घटत नाही. ती स्वतःच्या शरीरातून ते भागवते. ज्याला उशीर होतो तो घास आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं आढळलं. महागडे पदार्थ नाहीत एवढंच याचं कारण नव्हे. सहा महिन्यांचं मूल चमच्याने चार घास खायला अर्धा तास घेतं आणि दिवसातून तीन-चारदा त्याला भरवावं लागतं. गुरगुट्या भाताला तांदूळ मूठभरच लागतो. वेळ मात्र फार लागतो, आणि तो शिध्याच्या पाकिटात भरून देता येत नाही.

मग या साऱ्याचा निष्कर्ष आईने घरी बसावं असा आहे का? तसा अर्थ काढला तर इतिहासाचा विपर्यास होईल, कारण इथल्या बहुसंख्य आया कधी घरी बसलेल्याच नव्हत्या. फरक पडला तो मूल कामापासून किती दूर आहे याने. कायद्याने हे ओळखलं आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर आलं, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज पाजण्यासाठी दोन विश्रांती दिल्या गेल्या, २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. रोजगार हमीच्या कामावरही पाच किंवा अधिक लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं, अशी तरतूद आहे. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. रजा संपते त्या आठवड्यातच उष्टावण येतं. दूध आणि घास यांचं वर्ष जिथे सुरू होतं तिथेच आपली सोय थांबते. आणि ज्यांना रजाच नाही त्यांचं काय? बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं मुकादमाच्या हिशोबात एक कोयता असतं. उचल आधी घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला तर खाडा कापला जातो. सात महिन्यांचं मूल फडाच्या कडेला झोळीत असतं. त्याला पाजायला जाणं म्हणजे मोळी मागे पडणं. गिरणीचं फाटक पाडलं गेलं, तिथे मॉल उभे राहिले, पण फाटकाचं तत्त्व फडात जसंच्या तसं चालू आहे.

महाराष्ट्राला अंगावर पिणाऱ्या मुलाची एक कथा तोंडपाठ आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं तान्हं, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही लोककथा आहे, आणि तिच्यातलं धैर्य मनाला भिडणारंच आहे. त्या नावाने बसस्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, हेही चांगलं झालं. पण या कथेचा आपण लावलेला अर्थ अपुरा राहिला. आपण कड्याकडे पाहत राहिलो, आईच्या धाडसाचे पोवाडे गायले, आणि पुढच्या प्रत्येक आईकडून तसाच कडा उतरण्याची अपेक्षा ठेवली. कथेत राजाने त्या कड्यावर बुरूज बांधला, म्हणजे वाट आणखी पक्की बंद केली. दूध पिणाऱ्या मुलाच्या आईला दरवाजा उघडून द्यावा, हा विचार कथेत कोणाला सुचला नाही. इतिहासाकडून शिकायचं ते हे. सहाव्या महिन्यानंतरचं ते वर्ष, ज्यात मूल एका हाताने पदर धरतं आणि दुसऱ्या हाताने वाटीतला भात, ते आईच्या बाजूने कधीच कमी पडलं नव्हतं. त्याला हवे होते पाजायला मिळणारे काही तास, भरवायला मिळणारा अर्धा तास, आणि कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावरची एक सावली. उष्टावणाला मामाला बोलावण्याइतकंच हे मिळवून देणंही समाजाचं कर्तव्य आहे. आणि ज्या दिवशी फडावरच्या बाईचा खाडा पाजण्यासाठी कापला जाणार नाही, त्या दिवशी क्षीरान्नाद हा शब्द पोथीतून निघून तिच्या लेकराच्या वाट्याला येईल.